साहेबांच्या नावाचा दगड

पीए पुन्हा कागद हलवत फाटकातून आत येताना दिसला, तेव्हा पाथरवटानं हातातला हातोडा मुद्दाम लांब ठेवला. जवळ असला तर स्वतःचाच भरवसा नव्हता.

“काका, एक छोटीशी दुरुस्ती आहे,” पीए म्हणाला.

तीन आठवड्यांतली ही तिसरी छोटीशी दुरुस्ती. पीएच्या हातात कागद असायचा, पाथरवटाच्या हातात काळा दगड, आणि दोन्हींत फरक असतो हे त्या माणसाच्या गावीही नव्हतं. कागदावर रेघ मारली की ओळ जाते. दगडावरची ओळ घालवायची म्हणजे दोन सूत खोल गेलेल्या अक्षरांच्या तळापर्यंत सगळा थर छिन्नीनं उतरवायचा, मग वाळू नि पाणी टाकून घासायचा दगड चालवत बसायचं. छातीएवढ्या उंचीचा दगड, आणि घासणारा माणूस बहात्तर वर्षांचा. कोपरापासून मनगटापर्यंत हात रात्रभर ठणकायचा.

“बोला,” पाथरवट म्हणाला.

पीएनं टेकायला जागा शोधली, सापडली नाही, म्हणून त्यानं एक पाय उचलून सरळ आडव्या दगडाच्या कडेवर ठेवला. बुटाला ओला चिखल होता. पाण्याची बादली घेऊन येणारी सून ते बघून जागच्या जागी थांबली.

“त्या तिसऱ्या निवडणुकीतला पराभव आपण काढला होता ना? तो परत घालायचाय.”

“परत?”

“परत.”

“गेल्या आठवड्यात तुम्हीच म्हणालात, पराभव काढा. पराभव कशाला दाखवायचा, ‘सलग सहा वेळा’ लिहा म्हणालात. मी काढले. दोन्ही काढले. तीन दिवस घासत होतो मी.”

“हो ना. पण तेव्हा साहेबांना पाडलं होतं गुरुजींनी, बरोबर? गुरुजी कालच आपल्या पक्षात आले. पंच्याहत्तरीच्या कार्यक्रमाला मंचावर बसणार. त्यांचं नाव दगडावर दिसलं पाहिजे. ‘आदरणीय गुरुजींकडून अल्प मतांनी पराभूत.’ आदरणीय विसरू नका.”

“आणि सहाव्या वेळचा पराभव?”

“तो कशाला? तो माणूस अजून तिकडेच आहे.”

सून बादली खाली ठेवून म्हणाली, “मग ‘सलग’ कसं राहणार? मधे पडले ना एकदा.”

पीएनं तिच्याकडे बघितलंच नाही. कागदाला म्हणाला, “सलग काढा मग. नुसतं ‘सहा वेळा’.”

“पाय काढा आधी दगडावरून,” ती म्हणाली.

पाय निघाला. दगडावर बुटाचा ठसा राहिला. पीए गेला तसं तिनं बादलीभर पाणी त्या ठशावर ओतलं, आणि पाथरवटाला ते पाणी वाया गेल्याचं काहीच वाटलं नाही.

काम आलं तेव्हा ते सरळ वाटलं होतं. आमदारसाहेबांना पंच्याहत्तर वर्षं पुरी होणार होती. नव्या बाजाराच्या फाटकापाशी त्यांच्या कारकिर्दीचा दगड उभा करायचा. वर नाव, खाली आठ निवडणुका, ओळीनं. कोणत्या साली उभे राहिले, कोणत्या चिन्हावर, किती मतं, निकाल काय. पाथरवटाला त्यातलं बरंचसं तोंडपाठ होतं. पहिल्या वेळी साहेब शिडीवर उभे होते आणि बेचाळीस मतांनी आले होते. त्या बेचाळिसांत आपण नवराबायको दोघं होतो, असं त्याची बायको मरेपर्यंत सांगायची. पुढं शिडीची छत्री झाली, छत्रीची परत शिडी झाली, शेवटी बादली. पाथरवटानं आठपैकी पाच वेळा साहेबांना मत दिलं होतं. उरलेल्या तीन वेळा का दिलं नव्हतं, ते त्याला आता आठवत नव्हतं, पण तेव्हा कारण होतं.

पहिली दुरुस्ती आली ती चिन्हांची. शिडीवाले आता समोर उभे होते, तेव्हा शिडी दिसायला नको. सगळी चिन्हं काढा. दुसरी पराभवांची. आणि ही तिसरी. सुरुवातीला दगड चार बोटं जाड होता. तिसऱ्यांदा घासून झाल्यावर पाथरवटानं कडेला बोटं लावली तर दोनच बसली. उलटा करून मागची बाजू वापरावी म्हटलं तर मागून पांढरी शीर आडवी गेलेली. तिथं छिन्नी लागली की दगड चिरणार. दुसरा दगड घ्यावा म्हटलं तर दुसरा नव्हता.

घोडं अडलं होतं ते तिथंच. दगड ज्या टेकडीतून यायचा ती टेकडी सात महिन्यांपासून बंद होती. एके सकाळी कचेरीतला माणूस आला, चढणीवर तार ओढली, पाटी लावली आणि निघून गेला. नवा परवाना घ्या म्हणे. पाथरवट कचेरीत गेला. पहिल्या दिवशी कचेरीतले साहेब बैठकीत होते, दुसऱ्या दिवशी बैठक साहेबांत होती की काय कोण जाणे, कुणी भेटलं नाही. तिसऱ्या दिवशी कारकुनानं त्याला उभ्याउभ्याच सांगितलं, “आजोबा, सत्तरीपुढच्याला परवाना मिळत नाही. घरातल्या कुणा दुसऱ्याच्या नावानं अर्ज आणा. आणि आमदारांचं पत्र जोडा. पत्राशिवाय हा कागद हलायचा नाही.” एवढं ऐकायला तीन दिवस.

दुसऱ्या कुणाच्या म्हणजे मुलाच्या, यात पाथरवटाला शंकाच नव्हती. टेकडी बंद झाल्यापासून मुलगा दोन तासांवरच्या खडीच्या मशीनवर कामाला जात होता. तिथंच झोपायचा, रविवारी घरी यायचा. टेकडी उघडली की मुलगा परत येईल आणि बापाच्या शेजारी छिन्नी घेऊन बसेल. एवढ्यासाठी पाथरवट ही उठाठेव करत होता. काम घेताना तो पीएला म्हणाला होता, “मला साहेबांचं पत्र तेवढं पाहिजे.” आणि पीए म्हणाला होता, “पत्राचं काय घेऊन बसलात, टायपिंगला दिलंय.” तेव्हापासून तीन आठवडे ते पत्र टायपिंगमधेच होतं. एवढ्यात तर माणूस अख्खी पोथी टाईप करील.

रविवारी मुलगा आला. अंगणात उभं राहून त्यानं आधी कपडे झाडले, तर पांढरा ढग उठला. केसांत, भुवयांत, कानाच्या पाळीत सगळीकडे भुकटी. मग तो खोकायला लागला आणि सून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येईपर्यंत खोकतच राहिला.

“तोंडाला फडकं बांधत नाहीस का?” पाथरवटानं विचारलं.

“बांधतो. आतून येते.”

“पत्र मिळालं की सोड ते.”

मुलानं पाणी प्यायलं. दगडाकडे बघितलं. दगडाचा चेहरा पुन्हा कोरा करकरीत होता, अक्षर म्हणून नाही.

“मागच्या रविवारी यावर पाच ओळी होत्या.”

“होत्या. काढल्या.”

“त्याच्या आधीच्या रविवारी आठ होत्या.”

“त्याही काढल्या.”

“बाबा, तुमचं डोकं फिरलंय का? तो पीए तुमच्या डोक्यावर मिरे वाटतोय आणि तुम्ही वाटू देताय.”

“मला हौस आहे का? टेकडी पाहिजे आपल्याला.”

जेवताना मुलानं हळूच काढलं की मुकादमानं त्याला पुढच्या महिन्यापासून मशीन चालवायला बसवायचं ठरवलंय. वर काचेची खोली असते, तिथं बसायचं. धूळ कमी. राहायला खोली देतात, सुनेलाही नेता येईल.

“मग?” पाथरवटाचा घास हातातच राहिला.

“मग काही नाही. सांगितलं आपलं.”

“टेकडी उघडल्यावर तू येणार आहेस का नाही, ते सांग.”

“उघडू दे तर आधी.”

“उघडली तर?”

“बघू.”

पाथरवटाला त्या ‘बघू’चा इतका राग आला की तो अर्ध्या ताटावरून उठला. बाहेर येऊन दगडापाशी बसला. बाराच्या उन्हात पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखं होतं, तरी बसला. आत मुलगा आणि सून हळू आवाजात बोलत होते. शब्द कळत नव्हते. सुनेचा आवाज मात्र मधेच थोडा चढला आणि मुलाचा एकदम बंद झाला. संध्याकाळच्या गाडीनं मुलगा परत गेला.

सोमवारी सकाळी पाथरवटानं छिन्नी उचलली आणि पहिल्याच ठोक्याला ती हातातून निसटली. मनगट सुजून टम्म झालं होतं. अंगठा मिटत नव्हता. त्यानं फडकं घट्ट बांधलं, पुन्हा छिन्नी धरली. दुसऱ्या ठोक्याला ती घसरली आणि कोऱ्या दगडावर ओरखडा उठला. पाथरवटानं दगडाला, पीएला, गुरुजींना आणि बेचाळीस मतांना एकामागून एक शिव्या दिल्या. शिव्या संपल्या तरी अंगठा तसाच.

सून खडूनं अक्षरं आखत होती. आखायचं काम पहिल्यापासून तिचंच. ती शाळेत नववीपर्यंत गेलेली, हात सुबक. ती आखायची, तो कोरायचा, ती वरून पाण्याची धार सोडायची.

“द्या इकडे,” ती म्हणाली.

“काय द्या?”

“छिन्नी.”

“हे काय वांगी चिरणं आहे?”

“वांगी चिरायला तुम्हाला तरी कुठं येतंय?”

तिनं छिन्नी त्याच्या बोटांतून अक्षरशः सोडवून घेतली. मांडी घालून बसली, पदर खोचला आणि अक्षराच्या उभ्या रेघेवर तिरपी छिन्नी धरून लहान लहान ठोके द्यायला लागली. पाथरवट तोंड फिरवून बसला. पण कान फिरवता येत नव्हते. ठोके एकसारखे पडत होते. घाई नव्हती, भीती नव्हती. पाच-सहा अक्षरं झाल्यावर त्यानं चोरून बघितलं. खोली सगळीकडे सारखी, कडा कुठं तुटलेली नाही.

“कधी शिकलीस?”

“तुम्ही दुपारी झोपता तेव्हा. मागच्या आवारात तुकडे पडलेत ना.”

“किती दिवस?”

“दोन वर्षं.”

दोन वर्षं. आणि घरात कुणाला पत्ता नाही. पाथरवटाला रागवावं की काय करावं ते समजेना. शेवटी तो एवढंच म्हणाला, “ठोका देताना कोपर अंगाजवळ ठेव. लांब राहिलं की खांदा भरतो.” तिनं कोपर जवळ घेतलं.

चार दिवसांत तिनं सगळ्या ओळी उतरवल्या. सहा विजय, एक पराभव, आदरणीय गुरुजी. पाथरवट शेजारी बसून पाणी सोडत होता आणि फाटकातून कुणी येताना दिसलं की झटकन छिन्नी आपल्या हातात घेत होता. किराणावाला आला, घेतली. शेजारीण आली, घेतली. सून दर वेळी छिन्नी त्याच्या हातात द्यायची आणि माणूस गेलं की परत घ्यायची. तिसऱ्या दिवशी त्याला स्वतःचीच लाज वाटली, पण सवय सुटली नाही. नाव तेवढं त्यानं तिला कोरू दिलं नाही. वरचं साहेबांचं मोठं नाव त्यानं फडकं बांधलेल्या हातानं, दात आवळून, दोन दिवस घालवून स्वतः कोरलं.

शनिवारी दुपारी सामान आवरत असताना फोन वाजला. पीए.

“काका, एक शेवटचं.”

“जीव घ्या माझा.”

“ऐका तरी. पंच्याहत्तरी आहे ना, मग जन्मसाल नको का? नावाखाली मोकळी जागा आहे तिथं येईल. पुसायचं काही नाही, नुसतं वाढवायचं. उद्या सकाळी साहेब स्वतः बघायला येणार आहेत, तेव्हा आजच करा.”

“पत्र आणणार का उद्या?”

“टायपिंगला आहे,” पीए म्हणाला आणि फोन बंद झाला.

सून तेव्हा पाणी भरायला गेली होती. पाथरवटानं तिची वाट बघितली नाही. तो इतका वैतागला होता की डोकं कामात नव्हतंच, नुसता हात होता. दगड आडवा होता, ऊन कलत होतं, आणि एका तासात त्यानं जन्मसाल कोरून टाकलं. त्यावर ओलं पोतं टाकलं आणि आत जाऊन आडवा झाला.

रविवारी सकाळी दोन गाड्या आल्या. पुढच्या गाडीतून पीए उतरला, मागच्या गाडीतून ड्रायव्हरच्या हाताला धरून साहेब. जवळून पाहिलं तर साहेब फलकावरच्या फोटोपेक्षा बरेच लहान होते. गुडघे दुखत असावेत, पावलं मोजून टाकत होते. मुलगा आदल्या रात्रीच आला होता, तो पत्र्याच्या खांबाला टेकून उभा राहिला. सुनेनं खुर्ची आणली. साहेब बसले नाहीत. दगड भिंतीला उभा करून ठेवला होता. पाथरवटानं पोतं काढलं.

साहेबांनी चष्मा लावला आणि खालून वर वाचायला सुरुवात केली. एकेका ओळीवर बोट फिरवत होते. मधे थांबले.

“मी एकदाच पडलो होय?”

“दुसरा काढला, साहेब,” पीए म्हणाला.

“का? दुसऱ्यांदा तर माझं डिपॉझिट गेलं होतं. गावोगाव हसत होते लोक. ती निवडणूक मी विसरेन का?” साहेब पुन्हा ओळींकडे वळले. “आणि शिडी कुठंय? पहिली निवडणूक शिडीवर लढलो मी. खांद्यावर खरी शिडी घेऊन फिरायचो.”

पाथरवट पुढं आला. “साहेब, या दुरुस्त्या तुम्हीच सांगितल्या ना?”

“कसल्या दुरुस्त्या? मी तर आजच बघतोय हे.”

पाथरवटानं पीएकडे बघितलं. पीए मोबाईल बघत होता. अख्खा महिना, तीन थर, एक मनगट, आणि साहेबांना पत्ताच नाही! अंगाचा नुसता तिळपापड झाला. तो तोंड उघडणार एवढ्यात साहेबांचं बोट नावाखाली पोचलं आणि थांबलं.

पाथरवटानंही तिथं बघितलं, आणि कालपासून पहिल्यांदाच आपण काय केलंय ते त्याला दिसलं.

जन्मसाल होतं. त्याच्यापुढं एक आडवी रेघ होती. आणि रेघेपुढं घासून गुळगुळीत केलेली, चारी बाजूंनी बारीक चौकट आखलेली, चार आकड्यांची कोरी जागा.

तीस वर्षं पाथरवट मेलेल्या माणसांचे दगड कोरत आला होता. नवराबायकोंतलं एक जायचं, मागं राहिलेलं माणूस दोघांचा दगड एकत्रच करून घ्यायचं. गेलेल्याची दोन्ही सालं कोरायची, राहिलेल्याचं जन्मसाल कोरायचं, पुढं रेघ मारायची आणि जागा सोडायची. वेळ आली की छिन्नी घेऊन तिथं जायचं नि चार आकडे भरून यायचे. जन्मसालानंतर रेघ आणि जागा, हे त्याच्या हाताला इतकं बसलं होतं की काल डोकं जाग्यावर नसताना हातानं आपलं काम चोख पार पाडलं होतं.

“अरे देवा,” सून म्हणाली.

पीएनं ते उशिरा बघितलं, पण बघितल्यावर त्याचा आवाज पार फाटकापर्यंत गेला. “हे काय केलंत? अहो, हे काय केलंत? साहेबांच्या पंच्याहत्तरीला मरणाची जागा? चार महिन्यांवर निवडणूक आलीय! पुसा! आत्ताच्या आत्ता पुसा! उद्या कार्यक्रम आहे!”

पाथरवटाची मान खाली गेली होती. कानशिलं तापली होती. उभ्या आयुष्यात असा पाणउतारा झाला नव्हता, आणि यावेळी चूक खरोखर त्याचीच होती.

“पुसता येणार नाही,” सून म्हणाली.

“तुम्हाला कोण विचारतंय?”

“दोन बोटं उरलाय दगड. आणखी घासला तर उभा करताना मोडेल. तीन वेळा तुम्हीच घासायला लावलाय.” ती पुढं आली. “चौकटीत फूल कोरता येईल. रेघेचा देठ करायचा. कुणाला कळणार नाही. तीन तासांचं काम आहे.”

“मग करा ना! बघत काय बसलात?”

सुनेनं पाथरवटाकडे बघितलं. आणि त्या क्षणी पाथरवटाची मान वर आली. छिन्नी पायाशी पडली होती. त्यानं ती उचलून घेतली, खिशात घातली आणि खिशावर हात ठेवला.

“पत्र द्या,” तो म्हणाला. “मग फूल.”

“टायपिंगला—”

“टायपिंगची गोष्ट काढू नका माझ्यासमोर!” पाथरवट ओरडला. ओरडताना त्याचा आवाज चिरकला, तरी थांबला नाही. “महिनाभर टायपिंग! एवढ्यात मी दगडावर कोरून दिलं असतं! साहेब, टेकडी बंद आहे आमची. तुमचं पत्र पाहिजे म्हणून मी ह्या माणसाचे बूट दगडावर ठेवून घेतले. पत्र नसेल तर तो दगड असाच न्या. नाहीतर नेऊ नका.”

“कसलं पत्र?” साहेबांनी शांतपणे विचारलं, आणि पीए पुन्हा मोबाईलकडे बघायला लागला.

आता साहेब खुर्चीवर बसले. त्यांनी पाथरवटाला टेकडीचं सगळं सांगायला लावलं. मधे बोलले नाहीत. एकदा फक्त त्यांची नजर त्या कोऱ्या चौकटीकडे गेली.

“चार आकड्यांची जागा सोडलीत?”

“हो, साहेब. चुकलं.”

“पुरेल,” साहेब म्हणाले. मग हसले, पण डोळे तिथंच राहिले. “परत तिकीट मागतोय मी. लोकांना अजून पाच वर्षं सांगतोय. आणि हा माणूस चार आकडे सांगतोय.” त्यांनी हात पुढं केला. “पॅड आणा माझं.”

पीएनं गाडीतून छापील कागदांचं पॅड आणलं. साहेबांनी ते गुडघ्यावर ठेवलं आणि स्वतःच्या हातानं लिहायला लागले. अक्षरं मोठी येत होती. चार ओळी झाल्या.

“अर्ज कुणाच्या नावानं?”

“मुलाच्या,” पाथरवट म्हणाला आणि खांबाकडे वळला. “सांग रे नाव.”

मुलगा खांबापासून सुटा झाला. मग तो जमिनीकडे बघत म्हणाला, “बाबा, माझं नाही घालता येणार. मी मशीनचं कबूल केलंय. काल सही करून आलो.”

साहेबांचं पेन कागदावर तसंच टेकलेलं राहिलं, शाईचा ठिपका वाढत होता. पाथरवटाला वाटलं की आता खालीच बसावं. कचेरीचे उंबरे झिजवले, चारचौघांत मान खाली घातली, मनगट घालवलं, आणि ज्याच्यासाठी केलं तो काल सही करून आला. त्याला मुलावर ओरडायचं होतं. पण मुलगा खोकायला लागला. तोंडावर हात धरून, वाकून, खोकतच राहिला. पाथरवटाचा राग आत होता तसाच राहिला, पण त्याच्याबरोबर वाईटही वाटलं. काचेच्या खोलीत धूळ कमी असते म्हणाला होता.

“माझं लिहा,” सून म्हणाली.

पीए हसला. “तुमचं? खाणीचा परवाना? काय करणार घेऊन, टेकडीवर चूल मांडणार?”

“मी इथं राहणार आहे,” ती म्हणाली. हे तिनं साहेबांना सांगितलं नाही, नवऱ्याला सांगितलं. “मागच्या रविवारीच सांगितलंय मी ह्यांना. खोली घ्यायची तर घ्या. सुट्टीला या. मी इथं राहणार.”

मुलानं मान हलवली. त्याला ते माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त पाथरवटाला.

साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं, मग पाथरवटाकडे. “काय हो? घरातले मोठे तुम्ही. लिहू का? उद्या कचेरीत विचारतील, ही बाई दगडाचं काय जाणते. काय सांगू मी त्यांना?”

पत्र्याबाहेर माणसं जमली होती. पीएच्या ओरडण्यानं किराणावाला आला होता, शेजारीण आली होती, आणखी चारपाच जणं होती. छिन्नी आपल्या हातात आहे असं ज्यांना ज्यांना दाखवलं, ते सगळे. पाथरवटानं खिशावरचा हात काढला. सुजलेला अंगठा अजून मिटत नव्हता.

“साहेब, तो दगड वाचलात ना तुम्ही?”

“वाचला.”

“नाव आणि ती चूक माझी आहे. बाकीचं सगळं, एकूण एक अक्षर, हिनं कोरलंय. लिहा हिचं नाव.”

साहेबांनी तिला पूर्ण नाव विचारलं. तिनं ते मोठ्यानं सांगितलं.